स्नेह आणि सत्य

वैर मरणाशीं संपवावें, ही आपल्याकडील जुनी शिकवण आहे. मृताचे दोष उगाळूं नयेत, हें कोणासहि पटेल. परंतु दोष उगाळणें निराळें आणि चूक दुरुस्त करणें निराळें. ज्या मित्राशीं आपला स्नेह एका छंदामुळें जडला, त्याची त्या छंदांतलीच चूक त्याच्या पश्चात् झांकावी कीं सांगावी? हा प्रश्न अलीकडे आम्हांपुढें प्रत्यक्ष उभा राहिला, म्हणून तो वाचकांपुढें मांडतों.

आमचे हे मित्र भाईंदरला राहात. पक्षी पाहणें हा आम्हां दोघांचा छंद. हिवाळ्यांतील रविवारीं आम्हीं गाडीनें भाईंदरला उतरावें आणि मग दोघांनीं मिठागरांच्या बांधांवरून वसईच्या खाडीच्या कडेनें हिंडावें, हा क्रम वीस वर्षें चालला. ओहोटी लागली कीं उघड्या पडलेल्या चिखलांत लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे आणि दूर उत्तरेकडून आलेले चिमुकले टिलवे चरूं लागत. घरच्या गोष्टी आम्ही क्वचितच बोललों. मित्रांस मधुमेह असल्याचें आम्हांस फार उशिरां कळलें. पण आकाशांतला एखादा ठिपका पाहून ते कोणत्या पक्ष्याचें नांव घेतील, हें आम्ही बहुधा न चुकतां सांगितलें असतें. ॲरिस्टॉटलनें मैत्रीचे उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची असे तीन वर्ग केले आहेत. छंदाची मैत्री त्यांपैकीं सुखाच्या, म्हणजे दुय्यम, वर्गांत पडेल. आम्हांस हें पुरतें पटत नाहीं. एकाच वस्तूकडे दोघे वर्षानुवर्षें पाहात असले, म्हणजे एकमेकांचा खरेपणा पारखण्याची संधि त्यांस वारंवार मिळते.

एके दिवशीं खाडीवर संध्याकाळ झाली. मित्रांनीं आमचा हात एकदम घट्ट धरला. चोंचीचें टोंक चमच्यासारखें पसरट असलेला एक दुर्मिळ पक्षी त्यांस दिसला होता. हा पक्षी रशियाच्या ईशान्य टोंकास घरटीं करतो, हिवाळ्यांत ब्रह्मदेश, थायलंड, बांगलादेश यांच्या किनाऱ्यांस येतो, आणि जगांत आतां कांहीं शेंच उरला आहे. दुर्बीण आमच्या हातीं आली, तोंच पक्ष्यानें मान झटकली. चोंचीवरचा चिखल गळून पडला आणि नेहमींच्या टिलव्याची बारीक सरळ चोंच दिसली. मित्रांचे डोळे आनंदानें भरून आले होते. आम्ही बोललों नाहीं. त्यांनीं तेथेंच वहींत नोंद केली.

गेल्या वर्षीं ते वारले. त्यांचे चिरंजीव ती वही छापणार असून प्रस्तावना आम्हीं लिहावी असा त्यांचा आग्रह आहे.

एका चुकीच्या नोंदीनें काय बिघडतें, असें कोणी विचारील. रानपिंगळा या घुबडाचा शेवटचा निःसंशय नमुना १८८४ सालचा. कर्नल माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्यानें आपण तो १९१४ सालीं गुजरातेंत मिळविल्याचें लिहून ठेविलें. वस्तुतः तो संग्रहालयांतून चोरलेला जुनाच नमुना होता. हें कपट उघडकीस आल्यावर पॅमेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांनीं खऱ्या नमुन्यांचा माग धरला, आणि १९९७ च्या नोव्हेंबरांत खानदेशांत शहाद्याजवळ तो पक्षी पुन्हां सांपडला. कर्नलाची लबाडी होती, आमच्या मित्रांची निष्कपट चूक. परंतु मागून येणाऱ्याची वाट दोहोंनीं सारखीच चुकते.

आणखी एक गोष्ट आम्हांस बोंचते. पूर्वीं एकदां आम्हीं मोठ्या हौसेनें सांगितलेल्या ससाण्यापुढें मित्रांनीं 'संशयास्पद' असा शेरा लिहिला. आम्ही रागावलों, तरी त्यांनीं तो खोडला नाहीं. त्यांनीं आम्हांस खरें ऐकण्याइतकें खंबीर मानलें; आम्हीं मात्र त्यांस तसें मानलें नाहीं. त्यांचा आनंद मोडूं नये म्हणून गप्प राहिलों, असें आम्ही इतके दिवस मनास समजावीत आलों. हा स्नेह नव्हे. गोड दिसणारा अनादर आहे.

ती नोंद आम्ही खोडणार नाहीं. ती त्यांच्या शब्दांत जशीच्या तशी राहील. तिच्याखालीं आमची टीप असेल: त्या वेळीं आम्ही शेजारीं होतों, चोंचीस चिखल होता, आणि हें सांगावयास आम्हांस नऊ वर्षें लागलीं. चिरंजीवांस ती कितपत रुचेल, सांगवत नाहीं. मित्र स्वतः असते, तर त्यांनीं टीप वाचून प्रथम तारीख बरोबर आहे कीं नाहीं तेवढें पाहिलें असतें.