साध्या एडिटरचा साधेपणा

प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे भाषेच्या निवडीपाठोपाठ कोड एडिटरचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बहुधा अनुभवी प्रोग्रॅमरच्या गरजांकडे पाहून दिले जाते. कोड एडिटर म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर लिहिण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि जतन करण्याचे साधन. तो मजकूर चालवण्याचे काम मात्र दुसऱ्याचे असते. सी भाषेत ते कंपायलरकडे असते, म्हणजे लिहिलेल्या मजकुराचे यंत्राला कळेल अशा आज्ञांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमकडे, तर पायथॉनमध्ये मजकूर वाचून तो अमलात आणणाऱ्या इंटरप्रिटरकडे. ही कामाची वाटणी जाणत्याच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती सांगण्याची गरज त्याला वाटत नाही. नवख्याच्या दृष्टीने मात्र भाषा, एडिटर, कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टिम ही सारी एकच वस्तू असते, त्यामुळे काही अडले तर ते नेमके कोठे अडले हे त्याला सांगता येत नाही. म्हणूनच एडिटरचा साधेपणा त्यात किती सोयी कमी आहेत यावरून मोजण्याऐवजी, ही वाटणी तो किती उघडी ठेवतो यावरून मोजणे अधिक योग्य ठरते.

ही वाटणी झाकली गेली तर काय होते याचा बोलका दाखला महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मिळतो. बोरलँड कंपनीचे 1990 मधील टर्बो सी++ हे डॉसवर चालणारे साधन, विंडोजच्या नव्या आवृत्त्यांवर थेट चालेनासे झाल्यानंतरही, जुन्या डॉसचा आभास निर्माण करणाऱ्या डॉसबॉक्सच्या आधाराने अनेक प्रयोगशाळांत टिकून राहिले. निळ्या पडद्यावर प्रोग्रॅम लिहायचा आणि कंट्रोल व एफ9 या कळा एकत्र दाबायच्या, की कंपाइल होणे आणि चालणे ही दोन्ही कामे एका दमात उरकत. ही सोय खरी होती आणि तिने अनेकांची भीड मोडली, हे नाकारता येणार नाही. परंतु प्रोग्रॅम संपताक्षणी पडदा पुन्हा एडिटरकडे वळे आणि उत्तर डोळ्यांआड होई. ते पाहण्यासाठी ऑल्ट व एफ5 या कळांची व्यवस्था असूनही, एखादी कळ दाबली जाईपर्यंत प्रोग्रॅमला थांबवून धरणारे ‘गेटसीएच’ हे फंक्शन शेवटच्या ओळीत लिहिण्याचा तोडगा रूढ झाला, आणि मागच्या वेळचे उत्तर पुसण्यासाठी सुरुवातीला ‘क्लिअरस्क्रीन’ आले. प्रॅक्टिकलच्या जर्नलांत या दोन ओळी वर्षानुवर्षे निष्ठेने उतरवल्या गेल्या. वस्तुतः सी भाषेच्या मानकात यांपैकी एकही फंक्शन नाही, आणि तोच प्रोग्रॅम लिनक्सवरील जीसीसी या कंपायलरपुढे ठेवला, तर ही फंक्शने पुरवणारी ‘कोनिओ डॉट एच’ नावाची फाइल सापडत नाही अशी तक्रार येऊन काम तेथेच थांबते. एका साधनाच्या खोडीवर काढलेला उपाय भाषेचा नियम म्हणून पाठ झाला होता, आणि साधनाची रचनाच अशी होती की हा फरक विद्यार्थ्याला कळायला वावच नव्हता.

याच्या उलट टोकाला, काहीच नसलेले साधन सर्वांत साधे असे मानून नोटपॅडची शिफारस केली जाते. विंडोजच्या 1985 मधील पहिल्या आवृत्तीपासून चालत आलेले हे साधन चिठ्ठ्याचपाट्यांसाठी उत्तम असले, तरी प्रोग्रॅमच्या बाबतीत त्याचा उघडेवाघडेपणा फसवा आहे. ‘हेलो डॉट पीवाय’ या नावाने जतन केलेल्या फाइलला अनेकदा पुढे ‘टीएक्सटी’ हे शेपूट चिकटते, विंडोज परिचित फाइलप्रकारांची शेपटे मूळ मांडणीनुसार लपवून ठेवते, आणि मग डोळ्यांसमोर दिसणारी फाइल पायथॉनला का सापडत नाही याचा उलगडा होत नाही. पायथॉनमध्ये ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेला अर्थ असतो, म्हणून एका ओळीत टॅब आणि दुसरीत स्पेस आल्या तर डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसू शकतात, पण इंटरप्रिटर अडून बसतो. नोटपॅड या दोहोंतला भेद दाखवत नाही आणि समासात ओळींचे क्रमांकही देत नाही, त्यामुळे सतराव्या ओळीत चूक असल्याचा संदेश आला तर सतरावी ओळ एका नजरेत सापडत नाही.

जुन्या एडिटरांच्या साधेपणामागचे कारण वेगळे होते. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी 1969 च्या सुमारास रचलेला ‘ईडी’ हा एडिटर चुकीच्या आज्ञेला केवळ एक प्रश्नचिन्ह दाखवून उत्तर देत असे. तुटपुंज्या यंत्रांच्या काळात ते मितभाषित्व क्षम्यच होते. बिल जॉय यांच्या 1976 मधील ‘व्हीआय’चेही तसेच: मंद गतीच्या जोडणीवर प्रत्येक कळ मोलाची असल्याने त्याची रचना काटकसरीची झाली. आज तोच एडिटर पहिल्या आठवड्यात नवख्याच्या हाती देण्यात शिकवणाऱ्याची हौसच अधिक दिसते.

विद्यार्थ्याला समोर ठेवून बनवलेली साधने वेगळी ओळखू येतात. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात तयार झालेला थॉनी हा एडिटर पायथॉन सोबत घेऊनच येतो, चलांची म्हणजे व्हेरिएबलांची त्या त्या क्षणीची मूल्ये बाजूच्या चौकटीत दाखवतो, आणि एखादी राशी कोणत्या क्रमाने सोडवली जाते हे टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवू शकतो. सी शिकणाऱ्यासाठी जीनी या एडिटरमध्ये कंपाइल करण्याची कळ एफ8, पूर्ण बांधणी करण्याची एफ9 आणि चालवण्याची एफ5 अशी फोड केलेली आहे. कंपायलरला नेमकी कोणती आज्ञा दिली गेली ती ओळ खालच्या चौकटीत दिसते, आणि प्रोग्रॅम संपल्यावर तो संपल्याचे सांगून टर्मिनल एंटरची वाट पाहत थांबते. ‘गेटसीएच’ची गरजच उरत नाही.

नोकरीच्या जगात मायक्रोसॉफ्टचा 2015 मध्ये आलेला व्हीएस कोड सर्रास वापरला जातो, मग सुरुवात तेथूनच का करू नये, हा आक्षेप वजनदार आहे. मात्र एडिटरची निवड जन्माची गाठ असल्याचे तो गृहीत धरतो. प्रोग्रॅम हा साधा मजकूर असल्याने एका एडिटरमध्ये लिहिलेली फाइल दुसऱ्यात जशीच्या तशी उघडते, आणि एडिटर बदलण्याचा खर्च काही दिवसांच्या अडखळण्यापुरता असतो. व्हीएस कोडमध्ये चार अक्षरे टाइप करताच उरलेले नाव सुचवले जाते, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोडीने सबंध फंक्शनेही पुढ्यात येतात. कंस कोठे मिटतो आणि फंक्शनला काय द्यावे लागते हे ज्याने स्वतः चुकत शिकलेले असते, त्याला ही सूचना पारखून घेता येते. ज्याने ते शिकलेले नसते, तो ती स्वीकारण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. प्रोग्रॅम पाच-सहा फाइलींत पसरला, एका फंक्शनचे नाव बदलताना सगळ्या फाइली धुंडाळाव्या लागू लागल्या, की थॉनी किंवा जीनी अपुरे पडू लागतात, आणि तेव्हा व्हीएस कोड उघडणाऱ्याला त्याच्याकडून काय हवे आहे हे आधीच ठाऊक असते.