विवरणपत्र: कायद्याचे कर्तव्य की धर्माचे?

ठरलेल्या मुदतीत आपल्या कारभाराची माहिती राज्यसंस्थेला कळवणे हे प्रत्येक नोंदणीकृत संस्थेवर कायद्याने घातलेले बंधन आहे. सोलापूर–विजयपूर रस्त्यावरील मंद्रूपसारख्या गावात ते तीन वाटांनी पोहोचते. सहकारी सोसायटीला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, कामकाजाचा अहवाल, तपासलेले हिशेब आणि नफावाटणीचा बेत निबंधकाकडे द्यावा लागतो. शेतकऱ्यांनी उत्पादक कंपनी काढली, तर वार्षिक सभेनंतर ठरलेल्या मुदतीत ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र दाखल करावे लागते. मुदत उलटली की रोज 100 रुपये जादा शुल्क चढते. देवस्थानाचा सार्वजनिक न्यास असेल, तर विश्वस्त बदलल्याची खबरही 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला द्यावी लागते.

हे सारे दंड चुकवण्यापुरतेच करायचे, की सत्य सांगण्याच्या धर्मातच ते येते, असा यातला तात्त्विक प्रश्न आहे.

पहिल्या बाजूचा सर्वांत स्पष्ट आधार कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. राजाच्या हिशेबनिसांनी आषाढात मोहोरबंद वह्या व शिल्लक घेऊन यावे आणि आल्यावर त्यांना एकमेकांशी बोलू देऊ नये, असा तिथला नियम आहे. हिशेब देणारा संधी मिळताच लबाडी करील, हे त्यात धरूनच चाललेले आहे. अशा व्यवस्थेत खरेपणा पहाऱ्यातून येतो. पहारा ढिला पडला की कर्तव्यही ढिले पडते.

मंद्रूपच्या परिसरातील भक्तिपरंपरा वेगळे उत्तर देते. याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याशी दोन कथा जोडलेल्या आहेत. बसवेश्वर राजा बिज्जलाच्या खजिन्याचा कारभार पाहत असता, त्यांनी राजाचे धन जंगमांवर, म्हणजे फिरत्या शिवभक्त संन्याशांवर, उधळल्याचा आरोप झाला. खजिना मोजला, तेव्हा तो पुरा भरला, असे परंपरा सांगते. दुसरी कथा तिथले सरकारी अधिकारी दामाजीपंतांची. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि बिदरच्या दरबारात धान्याची रक्कम विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात भरून पावती आणली. दोन्ही कथांत देवाचे काम झाले म्हणून राज्याचे देणे माफ झालेले नाही. सत्कर्माच्या नावाखाली हिशेब अपुरा ठेवण्याची मुभा भक्तालाही नाही.

बसवेश्वरांच्या परंपरेतील शरणांच्या कायकविचारात, म्हणजे श्रम हीच पूजा या विचारात, हाच मुद्दा घरापर्यंत येतो. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणत. एके दिवशी त्यांनी गरजेपेक्षा जास्त आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मांनी ते परत टाकून यायला लावले. तिथे तपासनीस नव्हता, दंडही नव्हता. किती आपले आणि किती नाही, याचा हिशेब आधी स्वतःशी होता.

यावर एक रास्त आक्षेप येतो. राज्यसंस्था नेहमी न्यायी नसते. मग तिला सत्य सांगणे हा धर्म कसा? हे विवरणपत्र कोणाच्या उपयोगाचे, हे पाहिले की उत्तर मिळते. कंपनी बुडाली तरी भागधारकाचे घरदार सहसा जप्त होत नाही. ही सवलत कायद्याने दिलेली आहे. तिचा धोका कर्ज देणारा, उधारीवर खत-बियाणे पुरवणारा आणि भाग घेणारा शेतकरी उचलतो. त्यांना कारभार कळावा म्हणून ताळेबंद नोंदवला जातो आणि शुल्क भरून कोणालाही पाहता येतो. निबंधक हा स्वीकारणारा असतो. सत्याचे खरे हक्कदार हे लोक असतात. म्हणून राज्याची अधिकारकक्षाही तेवढीच राहते: व्यवहाराची माहिती मागावी, श्रद्धेची नाही.

यावरूनच विवरणपत्राची नैतिक कसोटी ठरते. प्रत्येक आकडा खरा ठेवून बुडीत येणी चांगल्या येण्यांत मिसळली, तर कागद वरवर नियमात बसलेला दिसेल, पण वाचणारा फसेल. उशिरा दिलेली माहितीही निम्मीच खरी ठरते, कारण तोवर कोणी तिच्याविना कर्ज देऊन बसलेला असतो. उलट, नकळत झालेल्या चुकीची दुरुस्ती वेळेत कळवणाऱ्याने सत्याचे कर्तव्य मोडलेले नसते. दंड मुदत पाळायला लावू शकतो. वाचणाऱ्याची दिशाभूल होऊ नये, ही काळजी मात्र हिशेब लिहिणाऱ्यानेच घ्यावी लागते, आणि तेवढा भाग धर्माचा आहे.