बळाचें ऋण

यावलच्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी. मधल्या पट्ट्यांत केळीच्या बागा आणि कापसाचीं शेतें. ह्या पट्ट्यांतील खेड्यांतून दरसाल कितीतरी मुलें यावल, फैजपूर, भुसावळ येथील कॉलेजांत येतात. त्यांच्यांत एखादा असा असतो कीं, त्याला नुसतें चालतांना पाहिलें तरी खेळाच्या शिक्षकाची नजर त्याजवर खिळते. उंची सहा फुटांच्या वर, पोटऱ्या पिळदार, दम असा कीं संध्याकाळभर धांवला तरी धाप लागूं नये. लहानपणीं तो कबड्डी खेळलेला असतो, बापाबरोबर शेतांत राबलेला असतो. बास्केटबॉलचा चेंडू मात्र त्याच्या हातीं प्रथम येतो तो अठराव्या वर्षीं. सहा महिन्यांत तो कॉलेजच्या संघांत उभा राहतो. प्रतिपक्षाचा नेम हवेंतच अडवावा तर त्यानें. टोपलीच्या कडेवरून उसळलेला चेंडू चौघांच्या डोक्यांवरून उचलावा तर त्यानें. परंतु तोच चेंडू हातांत घेऊन टोपलीकडे वळण्याची वेळ आली कीं तो गोंधळतो, आणि बाजूनें आवाज येतो, ‘दे, दे, दुसऱ्याला दे!’ तो देतो. असें तीन वर्षें चालतें. पदवी हातीं पडते तेव्हां चढाईच्या कलेंत तो पहिल्या दिवशीं होता तेथेंच असतो.

हा मुलगा आम्ही कल्पिलेला आहे. तथापि कॉलेजांचे सामने ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस तो अनोळखी वाटूं नये. प्रश्न इतकाच कीं, त्याच्या बळावर कॉलेजानें तीन वर्षें सामने जिंकले, त्याबद्दल कॉलेज त्याचें कांहीं देणें लागतें कीं नाहीं. आणि लागत असेल तर तें ढाली-करंडकांच्या समारंभांतील टाळ्यांनीं फिटतें काय?

कित्येकांचें उत्तर ठरलेलें असतें. त्या मुलाचें बळ ही देवाची देणगी आहे, तें त्याच्या रक्तांतच आहे, त्यांत शिकविण्यासारखें काय आहे, असें ते म्हणतात. हें बोलणें स्तुतीचें दिसतें खरें. परंतु आम्हांस त्या स्तुतीविषयीं नेहमींच संशय वाटत आला आहे. ज्याचा गुण ‘उपजत’ ठरला त्याला शिकविण्याची जबाबदारी आपोआप टळते. डोंगराच्या पायथ्याच्या मुलाला ‘काय उडी मारतो!’ म्हणणारे लोक शहरांतील मुलाविषयीं ‘काय खेळतो!’ असें म्हणतात. दोघांच्या कौतुकांतला हा फरक लहान नाहीं. एकाला शरीर आहे असें आपण मानतों, दुसऱ्याला बुद्धि आहे असें मानतों, आणि मग शिक्षकाचा वेळही त्याच मापानें वांटला जातो.

ह्या खेळाची जन्मकथा येथें आठवण्याजोगी आहे. डॉ. जेम्स नेस्मिथ ह्यांनीं १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें हा खेळ रचला. हिंवाळ्यांत चार भिंतींच्या आंत खेळतां येईल आणि ज्यांत अंगावर धांवून जाण्याची धसमुसळ नसेल असा खेळ त्यांस हवा होता. त्यांनीं विचार केला कीं, लक्ष्य समोर उभें असलें म्हणजे चेंडू जितका जोरानें फेंकावा तितका लाभ. तेंच लक्ष्य डोक्याच्या वर आणि आडवें टांगलें तर जोर निरुपयोगी ठरेल, आणि चेंडू कमानीसारखा हळुवार सोडावा लागेल. म्हणून पीचच्या फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला, १० फूट उंचीवर, अडकविण्यांत आल्या. ती उंची आजही तीच आहे. उंच उडी मारून चेंडू वरून टोपलींत कोंबणारे वीर पुढें निघाले आणि प्रेक्षकांस तेंच अधिक आवडतें, हें आम्हांस ठाऊक आहे. पण सबंध सामन्यांत तशी संधि मिळते किती वेळां? बाकीच्या वेळीं नेस्मिथसाहेबांचीच योजना चालते. बचावांत शरीर पुष्कळ काम करून जातें. चढाई मात्र बळाला कोणीतरी शिकवावी लागते.

ती कशी शिकवितात? अशा मुलाला धांवावयास शिकवावें लागत नाहीं. थांबावयास शिकवावें लागतें. त्याला एकच वेग ठाऊक असतो, तो म्हणजे सर्वांत मोठा, आणि एकच वेग असणाऱ्या गड्याला अडविणें सोपें असतें. दोन्ही पाय एकदम टेकून, गुडघे वांकवून, चेंडू छातीपाशीं धरून जागच्या जागीं थांबणें, एवढ्यालाच कित्येक आठवडे जातात. मग एक पाय रोवून दुसऱ्यानें चहूंकडे वळणें. रोवलेला पाय जाग्यावरून सरकला कीं पंचाची शिट्टी वाजते, आणि ह्या मुलाचा पाय सरकतोच. कारण शरीर पुढें जाऊं म्हणतें आणि नियम मागें ओढतो. त्यानंतर डावा हात. उजव्या हातानें टोपलीखालून चेंडू सोडणारा गडी डाव्या बाजूनेंही उजवाच हात वापरतो, आणि बचाव करणाराला हें दोन मिनिटांत समजतें. डाव्या हातानें सोडावयाचा तर उडी उजव्या पायावरून घ्यावी लागते. म्हणजे अठरा वर्षांची पायांची संवय उलटी फिरवावी लागते. नेमबाजीचा अभ्यास टोपलीच्या अगदीं जवळून सुरू करावा, तेथें हात बसला म्हणजे एक पाऊल मागें यावें, आणि असें करीत करीत फळ्यापासून १५ फुटांवरच्या रेषेपर्यंत पोंचावें. जो पहिल्याच दिवशीं दुरून फेंकूं लागतो तो खांद्याच्या जोरानें फेंकतो, आणि ती खोड पुढें मनगटांतून जातां जात नाहीं. दहा डाव शिकविण्यापेक्षां एक डाव आणि त्याचा एक तोड शिकविणें शहाणपणाचें. शेवटचा धडा सर्वांत कठीण: दोघे अंगावर आले असतां चेंडू न फेंकतां मोकळ्या सोबत्याकडे कधीं द्यावा, हें ओळखणें. ‘दे, दे’ असें बाहेरून ऐकून देणें आणि पाहून देणें ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

मुलाजवळ कांहींच नाहीं असें समजून आरंभ करणारा शिक्षकही चुकतो. कबड्डींत चढाई करणारा गडी एकीकडे झुकल्याचा भास करून दुसरीकडे निसटतो. कोपऱ्यावरच्या गड्याची नजर कोठें आहे तें टिपतो. रोवलेल्या पायावर वळून हुलकावणी देण्याची विद्या ह्याहून फारशी निराळी नाहीं. नायजेरियाच्या हकीम ओलाजुवन ह्यानें बास्केटबॉल हातीं घेतला तो सुमारें पंधराव्या वर्षीं. त्यापूर्वीं तो फुटबॉल आणि हँडबॉल खेळे. पुढें ज्या पदन्यासानें त्यानें भल्याभल्यांस चकविलें त्याचें मूळ तो स्वतः त्या खेळांत सांगत आला आहे. परंतु आम्हांस त्याच्या चरित्रांतील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १९८० सालीं तो ह्यूस्टन विद्यापीठांत आला तेव्हां पहिलें वर्षभर त्याला सामन्यांत उतरविलें नाहीं. पुढें सुटीच्या दिवसांत तो त्याच शहरांतील मोझेस मलोन ह्या कसलेल्या व्यावसायिक खेळाडूशीं झुंजून शिकला. पहिल्या वर्षीं विद्यापीठानें त्याच्याकडून एकही विजय मागितला नाहीं; त्याला केवळ शिकूं दिलें.

जॉर्ज मायकन ह्याची गोष्ट ह्याच्या उलट टोंकाची आहे. उंची ६ फूट १० इंच, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि चाल अशी बेढब कीं त्याच्या हातून खेळ होईल असें कोणास वाटेना. १९४२ सालीं शिकागोच्या डीपॉल विद्यापीठांत रे मायर हे नवे शिक्षक आले. त्यांनीं त्याला दोरीवरच्या उड्या, मुष्टियुद्ध, इतकेंच नव्हे तर नृत्यही शिकावयास लाविलें, आणि टोपलीखालीं उभें करून एकदां उजव्या, एकदां डाव्या हातानें असे शेंकडों नेम रोज मारविले. तो सराव आजही त्याच्याच नांवानें ओळखला जातो. १९५० सालीं असोसिएटेड प्रेसनें अर्ध्या शतकांतील सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटु म्हणून निवडला तो हाच मायकन. बेढब मुलाला शिकवावें लागतें हें सर्वांस पटतें. चपळ मुलाची चपळताच त्याच्या शिक्षणाच्या आड येते.

आपल्याकडील दाखला हवा असेल तर तो आखाड्यांत सांपडतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. १९४८ सालीं ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हां त्यांचें अंग तांबड्या मातींत घडलेलें होतें. गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांस नवे होते. तेथें रीस गार्डनर नांवाच्या अमेरिकन मल्लानें त्यांस शिकविलें, आणि ते सहावे आले. मातींत कमावलेला ढाक त्यांनीं टाकला नाहीं. त्याला नव्या भूमीवर उभें केलें. त्यापुढें चार वर्षें त्यांनीं मेहनत केली, आणि १९५२ सालीं हेलसिंकीस ब्राँझपदक मिळविलें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें वैयक्तिक स्पर्धेंत मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठीं पैसा उभा करतांना प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपलें घर सात हजार रुपयांस गहाण टाकिलें, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. तिचें आपण कौतुक करतों आणि विसरतों. त्या प्राचार्यांनीं विद्यार्थ्याच्या बळाचें ऋण कॉलेजच्या बाजूस मांडलें, आणि फेडण्यासाठीं स्वतःचें छप्पर पुढें केलें. हिशेबाची ही रीत फारच थोड्यांस सुचते.

आतां कोणी म्हणेल, खेड्यापाड्यांच्या कॉलेजांत हें कसें जमावें? एकच फिजिकल डायरेक्टर, त्याच्याकडे कबड्डीपासून भालाफेंकीपर्यंत सगळे खेळ. सिमेंटचें एक मैदान, तेंही पावसाळ्यांत निसरडें. आणि आंतरमहाविद्यालयीन सामने महिन्याभरावर आलेले. अडचण खरी आहे, परंतु ती मूळची अडचण नव्हे. डाव्या हाताचा सराव एका चेंडूनें आणि एका भिंतीनेंही होतो. मूळची अडचण अशी कीं, शिकणारा गडी शिकत असतांना पूर्वींपेक्षां वाईट खेळतो. सरळ धांवत जाऊन चार गुण आणणारा मुलगा थांबावयास, वळावयास लागला कीं त्याचे चेंडू हिसकले जातात, नेम चुकतात, आणि संघ हरतो. ही हार कोणीं सोसावी? बाकीचे चौघे म्हणतील, ह्याच्या शिक्षणासाठीं आमच्या शेवटच्या वर्षाचा बळी कां? त्यांचें म्हणणें अन्यायाचें नाहीं. कॉलेजांतलीं त्यांचींही तीनच वर्षें आहेत.

आमच्या मतें ह्या वादाचा निकाल जमिनीच्या व्यवहारावरून लावावा. आमच्या तालुक्यांतला शेतकरी केळीचें एक पीक घेऊन पिलबाग राखतो, तेव्हां खत-पाण्यावांचून दुसरें पीक येईल असें तो समजत नाहीं. जो नुसता घेतच राहतो त्याच्या शेताचा कस उतरतो, आणि मग तो नशिबाला दोष देतो. चौघांनीं त्या मुलाच्या उडीचा लाभ घेतलेला आहे. प्रतिपक्षाचे जे नेम त्यानें अडविले ते सर्वांच्याच खात्यावर जमा झाले. तेव्हां त्याच्या चुकांचा कांहीं भार चौघांनींही उचलावा, हें न्यायाचेंच होय. मर्यादा मात्र हवी. अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला नवा डाव शिकवूं नये. पण आरंभीचे मैत्रीचे सामने आणि ज्यांत हार-जीत ठरून गेली आहे असे उत्तरार्ध, हे त्याचे असावेत, आणि त्या वेळीं बाजूनें ‘दे, दे’ ओरडण्यास सक्त मनाई असावी.

हा सगळा खटाटोप केवळ खेळापुरता आहे असें मानणाऱ्यांनीं पोटाचाही विचार करावा. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखीव आहेत. रेल्वेंत आणि पोलिसांतही खेळाडू घेतले जातात. स्वतः खाशाबा १९५५ सालीं पोलिस खात्यांत सब-इन्स्पेक्टर झाले. परंतु त्या वाटेनें जावयाचें तर राज्याच्या वा त्याहून वरच्या पातळीवरचें यश लागतें, आणि तेथें नुसती उडी पुरत नाहीं. तेथें सगळेच उड्या मारणारे असतात. कॉलेजनें ज्याला तीन वर्षें टोपलीखालीं उभें करून ठेवलें तो निवडीच्या मैदानावर जाऊन उभा राहतो, आणि त्याला चेंडू देऊन सांगतात, ‘डाव्या हातानें दाखव.’

एक शंका उरते, आणि ती आम्हांस सहज सोडवितां येत नाहीं. मुलगा स्वतःच शिकावयास नाखूश असेल तर? टाळ्या उडीला मिळतात, थांबण्याला मिळत नाहींत. आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं ज्याला गांवांत ‘वाघ’ म्हणतात त्याला सकाळीं उठून भिंतीशीं डाव्या हाताचा धडा गिरविणें अपमानाचें वाटलें तर नवल नाहीं. बळजबरी करूं नये, हें उघड आहे. शरीर त्याचें, खेळ त्याचा. परंतु त्याच्या नाखुशीचा आधार घेऊन मोकळें होण्यापूर्वीं शिक्षकानें एकदां तपासून पाहावें कीं, न येणारी गोष्ट करून पाहण्याची मुभा त्या मुलाला कधीं मिळाली होती काय. चुकतांना आजवर त्याला सर्वांनीं हंसलेलेंच असेल, तर तो नको म्हणतो तें शिकण्याला कीं हंसण्याला, हें त्याला पहांटे, मैदान रिकामें असतांना, एकट्याला बोलावून विचारलें पाहिजे.