बरोबर ठरणं आणि बरोबर असणं

१६ फेब्रुवारी २०२४ रोजी राजकीय पत्रकार एझ्रा क्लाइन यांनी आपल्या पॉडकास्टवर पाहुण्याशी गप्पा न मारता एकट्यानंच एक निबंध वाचला. बायडन यांनी अध्यक्ष म्हणून चांगलं काम केलं, पण प्रचाराची ताकद त्यांच्यात उरलेली नाही. त्यांनी बाजूला व्हावं आणि डेमोक्रॅटिक पक्षानं ऑगस्टमधल्या शिकागोच्या अधिवेशनात खुलेपणानं उमेदवार निवडावा, असं त्यांचं म्हणणं होतं. क्लाइन स्वतः उदारमतवादी, म्हणजे हे घरच्या माणसानं घरच्यांना सुनावणं होतं. पक्षातल्या अनेकांनी ते उडवून लावलं. २७ जूनच्या वादचर्चेत बायडन अडखळले, २१ जुलैला त्यांनी माघार घेतली आणि क्लाइन द्रष्टे ठरले.

मीही तेव्हा ‘बघा, हे आधीच म्हणत होते’ असं चारचौघांत सांगत फिरलो. मग एक प्रश्न छळू लागला. त्या रात्री बायडन नीट बोलले असते तर? क्लाइन यांचा युक्तिवाद तोच राहिला असता, पण आपण त्यांना उतावळे म्हटलं असतं. पत्रकाराच्या शब्दाचं मोल दुसऱ्याच्या एका रात्रीवर ठरावं का?

या प्रश्नाचा एक धागा त्यांच्याच जुन्या चुकीत सापडतो. २००३ मध्ये, विद्यार्थी असताना, त्यांनी इराक युद्धाला पाठिंबा दिला होता. दहा वर्षांनी, नाव झाल्यावर, त्यांनी त्याची जाहीर कबुली दिली. ‘मला फसवलं’ असं म्हणून ते सुटू शकले असते. पण त्यांनी दोष नेमका दाखवला: बुश सरकार जे युद्ध करणार होतं त्याला नव्हे, तर आपल्या मनात रचलेल्या युद्धाला आपण पाठिंबा दिला होता.

ही कसोटी २०२४ ला लावून पाहावी. बायडन यांच्याबद्दलचं निदान अचूक होतं. पण उपाय? खुलं अधिवेशन झालंच नाही. काही दिवसांतच पक्ष कमला हॅरिस यांच्यामागे उभा राहिला आणि नोव्हेंबरमध्ये हरला. म्हणजे क्लाइन यांचं अधिवेशनही काही अंशी मनात रचलेलंच होतं का? मला तसं वाटतं. तरीही फेब्रुवारीत बोलणं योग्यच होतं, कारण तेव्हा जे दिसत होतं ते त्यांनी कारणांसह आणि स्वपक्षीयांचा राग ओढवून मांडलं. ते जूनमुळे योग्य झालं नाही आणि नोव्हेंबरमुळे चुकीचंही ठरत नाही.

निकाल पत्रकाराच्या हातात नसतो. कारणं उघड ठेवणं आणि चुकल्यावर कुठे चुकलो ते सांगणं, एवढं मात्र असतं.

आणि श्रोत्याच्या हातात? पॉडकास्टचा आवाज तासभर थेट कानात असतो. हळूहळू तो माणूस आपला वाटू लागतो आणि आपल्या माणसाचा हिशेब आपण तपासत नाही. जुलैमध्ये मी त्यांच्या निदानाचं कौतुक केलं, उपायाबद्दल मात्र एक शब्द विचारला नाही. ती चूक त्यांची नव्हती.