अगस्तीचे आचमन

महाभारताच्या वनपर्वातील अगस्तीच्या कथेचा पूर्वार्ध सर्वांना ठाऊक असतो; उत्तरार्धाची आठवण मात्र क्वचितच कोणी ठेवतो. कालेय नावाचे दैत्य दिवसा समुद्रात दडून बसत आणि रात्री बाहेर पडून ऋषींचा संहार करीत. देवांनी अगस्तीला साकडे घातले; त्याने समुद्र प्राशन केला; दैत्य उघडे पडले आणि मारले गेले. त्यानंतर देव त्याच्याकडे समुद्र पूर्ववत भरून मागतात, तेव्हा अगस्ती सांगतो की ते पाणी केव्हाच पचून गेले, आता दुसरा काही मार्ग शोधा. समुद्र कोरडाच राहिला आणि तो भरावयास भगीरथाला गंगा आणावी लागली. संकट खरे होते, उपाय करणारा निःस्वार्थी होता आणि उपाय सफलही झाला. तरीही एक प्रश्न आरंभी विचारावयाचा राहून गेला: घेतलेले परत कसे करावयाचे?

हा प्रश्न आज पुन्हा उभा आहे. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते. आज ते 420 च्या पुढे गेले आहेत आणि पृथ्वी तापत चालली आहे. हा वायू कमी सोडावा, हा सरळ मार्ग. परंतु तो सर्वांनाच जड जातो. म्हणून एक आडमार्ग सुचविला जातो. जून 1991 मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणाच्या वरच्या थरात फेकला. त्यापासून झालेल्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाशाचा काही अंश परतविला आणि पुढील वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. ज्वालामुखीने जे एकदा केले ते मानवाने विमानांच्या साहाय्याने वर्षानुवर्षे करावे, अशी ही कल्पना आहे. ओझोनवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळालेले पाउल क्रुट्झेन यांनी 2006 साली एका निबंधात तिचा गंभीरपणे विचार व्हावा असे सुचविले. मात्र तिची गरजच न पडावी, ही इच्छाही त्यांनी त्याच निबंधात व्यक्त केली होती.

मानवाने निसर्गात ढवळाढवळ करू नये, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे सोपे आहे. परंतु ते प्रामाणिकपणाचे नाही. कालवा खोदणे ही ढवळाढवळच आहे आणि देवीची लस टोचणे हीही ढवळाढवळच होती. आक्षेपाचे मूळ अन्यत्र शोधावयास हवे.

अरल समुद्राचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मध्य आशियातील हे सरोवर 1960 साली सुमारे 68,000 चौरस किलोमीटर पसरलेले असून जगात चौथ्या क्रमांकाचे होते. सोव्हिएत राजवटीने आमू दर्या व सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळविले. वाळवंटात पीक उभे राहिले, हे खरे. परंतु 2007 पर्यंत सरोवराचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. कोळ्यांच्या नावा वाळूत रुतल्या आणि तळाचे मीठ व शेतातील विषारी औषधे वाऱ्यावर उडून लोकांच्या छातीत गेली. सरोवर आटेल, हे योजकांना अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. तो तोटा त्यांनी हिशेबात धरला होता. तो सोसावयाचा होता कोळ्यांनी, आणि कोळ्यांना कोणी विचारले नव्हते. पुढे 2005 साली कझाकस्तानात एक बांध पुरा झाला, उत्तरेकडील लहानसा भाग पुन्हा भरू लागला आणि तेथे मासेही परतले. तेव्हा स्थापत्यविद्या ही स्वतः दोषी नव्हे. कोणाच्या वतीने आणि कोणाच्या संमतीने, हाच खरा प्रश्न.

आधी लहान प्रमाणावर प्रयोग करून पाहावा, असे कोणी म्हणेल. गोव्यात दोनापावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांच्या सहकार्याने 2009 साली दक्षिण महासागरात असाच एक प्रयोग केला. सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात सहा टन विरघळलेले लोह सोडण्यात आले. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतील आणि हवेतील कार्बन घेऊन तळाशी जातील, अशी अपेक्षा होती. वनस्पती वाढल्या खऱ्या; परंतु समुद्रातील लहान जीवांनी त्या फस्त केल्या आणि फारच थोडा कार्बन खाली गेला. अपेक्षा फसली, समुद्राचे काही बिघडले नाही आणि ज्ञान मात्र वाढले. सूर्यप्रकाश परतविण्याच्या योजनेला ही सोय नाही. तिचा पावसावर काय परिणाम होतो, हे ती संपूर्ण पृथ्वीवर अनेक वर्षे चालविल्यावाचून पुरते कळणार नाही. पिनाटुबोनंतर 1992 साली जगात जमिनीवरील पाऊस घटला होता. उद्या मराठवाड्यात किंवा बुंदेलखंडात पाऊस ओढ देऊ लागला, तर तो निसर्गाचा लहरीपणा की योजनेचे फळ, हे कोण सांगणार? आणि त्या शेतकऱ्याने दाद मागावी ती कोणाकडे?

याहून मोठी अडचण कार्यभाराची आहे. बदलीच्या गावी नोकरी करणाऱ्या आपणा मंडळींना ती चटकन समजेल. आपण सही करतो आणि बदलून जातो. परंतु कार्यभार स्वीकारणारा कोणीतरी येणार असतो, आणि आपला निर्णय चुकीचा वाटला तर तो फिरविण्याची मुभा त्याला असते. येथे तशी मुभा नाही. हे कण वर्षा-दोन वर्षांत खाली येतात. कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग मात्र शतकानुशतके हवेत राहतो. म्हणजे फवारणी एकदा सुरू केली आणि वायूही सोडीत राहिलो, तर युद्ध असो वा दिवाळखोरी, ती थांबविता येणार नाही. थांबविली तर दाबून ठेवलेली उष्णता एकदोन दशकांतच उसळी घेईल. जे पद क्षणभरही रिक्त ठेवता येत नाही आणि ज्याचा राजीनामाही देता येत नाही, असे पद आपण अजून न जन्मलेल्या माणसाच्या गळ्यात बांधणार. त्याची संमती घेण्याचा मार्गच नाही.

याला एक उत्तर आहे, आणि ते हलके नाही. मालदीवसारख्या सखल बेटावरील माणूस म्हणेल, तुमची ही नीतिचर्चा होईपर्यंत माझे घर पाण्याखाली जाईल. काही न करणे हाही एक निर्णयच आहे. हे मान्य केले पाहिजे, आणि म्हणून या विषयाच्या अभ्यासाला बंदी घालणे मला योग्य वाटत नाही. परंतु त्याच माणसाच्या नावाने मोठी राष्ट्रे आपला धूर चालू ठेवण्याची सवलत मिळवणार असतील, तर तो उपकार त्याच्यावर नसून त्यांच्या स्वतःवर आहे. आधी धूर कमी करणे आणि मग उरलेल्या तापाचा विचार करणे, हा क्रम उलटता कामा नये. स्वीडनमध्ये 2021 साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी केवळ उपकरणे तपासण्यासाठी एक फुगा सोडण्याचे ठरविले. तेथील सामी लोकांच्या परिषदेने आक्षेप घेतला, तो बेत थांबला आणि 2024 साली सारा प्रकल्पच सोडून देण्यात आला. एका फुग्यासाठी एवढा गहजब कशाला, असे अनेकांना वाटले. परंतु नाही म्हणण्याची जी संधी सामींना मिळाली, ती अरलच्या कोळ्यांना कधीच मिळाली नव्हती.

अगस्तीला दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. त्याच्याकडे मागितले गेले आणि त्याने दिले. शास्त्रज्ञही तेच करतील. समुद्र परत कसा भरावयाचा, हे आचमनाच्या आधी विचारण्याचे काम मागणाऱ्यांचे होते. आजचे मागणारे आपण आहोत.