नख अडकतं का?

1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि पुढे वाळूज म्हणजे एमआयडीसी असं समीकरणच होऊन बसलं. गाड्यांच्या रंगाविषयीचं ज्ञान इथे चहाच्या टपरीवरही फुकट मिळतं. तरी ओरखड्याबद्दल आम्हा पांढरपेशांची एक लाडकी समजूत असते : ओरखडा म्हणजे खड्डा; तो कशानं तरी बुजवायचा, वर पॉलिश मारायचं, की झालं.

गॅरेजातले पेंटर चाचा या समजुतीला हसतात. ‘‘साहेब, पाणीपेपरनं ओरखडा भरत नाही. बाजूचं सगळं त्याच्या लेव्हलला उतरवतो आपण.’’

हे उतरवणं बघण्यासारखं असतं. बादलीत पाणी, साबणाचे दोन थेंब आणि त्यात भिजत घातलेला पाणीपेपर. आधी 1500 नंबरचा, मग 2000चा. (नंबर जितका मोठा तितका पेपर मऊ. माणसांच्या हुद्द्यांचं असं असतं तर!) चाचा घासत सुटले की चकाकता रंग पांढुरका पडतो आणि मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. मग रबिंग कंपाउंड, मग बफिंगचं मशीन, आणि हळूहळू बॉनेटमध्ये समोरचा कडुनिंब दिसू लागतो. ओरखडे गेले का? छे! एका मोठ्याच्या जागी हजारो बारीक आले. इतके बारीक, की डोळ्यांना ती चकाकी वाटते.

मेख अशी, की वरचा पारदर्शक थर असतो जेमतेम 40-50 मायक्रॉनचा. म्हणजे आमच्या डोक्यावर उरलेल्या केसाहूनही बारीक. प्रत्येक घासणीत त्यातला थोडा कायमचा जातो. तो संपला की ऊन थेट रंगाला भिडतं. असली हौस गाडीच्या जन्मात दोन-तीनदाच करायची.

आता सांगा, घरातली भांडणं आपण याहून निराळी कुठे मिटवतो? ‘झालं गेलं विसरून जा’ म्हणणारी वडीलधारी मंडळी पाणीपेपर घेऊनच बसलेली असतात. पण घासलं कोण जातं? ओरखडा काढणारा नव्हे. तो खिळा खिशात घालून केव्हाच पंगतीला बसलेला असतो. ज्याच्या अंगावर ओरखडा, थरही त्याचाच जातो. आमची एक काकू अशी प्रत्येक सणाला घासली गेली. ‘काय शांत बाई!’ म्हणायचे सगळे. चकाकी होती खरी. पण शेवटी शेवटी ‘जेवलीस का?’ एवढं विचारलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. थर उरलाच नव्हता.

म्हणून काय सगळेच ओरखडे जपून ठेवायचे? आहेराची साडी, रुखवतातला लाडू, न आलेलं आमंत्रण, हे तर ओल्या फडक्यानंही निघावं. चाचांची कसोटी सोपी आहे. ओरखड्यावरून आडवं नख फिरवायचं. नाही अडकलं, तर खुशाल घासा. अडकलं, तर पेपरला हात लावायचा नाही.

हे मी सौ.ला सांगितलं. तिनं बहुधा मनातल्या मनात आमच्या अख्ख्या खानदानावरून नख फिरवलं. म्हणाली, ‘‘मामांचं निघेल. आत्याबाईंचं अडकतं.’’

असल्या अडकणाऱ्या ओरखड्यात चाचा बारीक ब्रशनं रंगाचा थेंब सोडतात. जवळून पाहिलं तर डाग दिसतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. चाचा ब्रश पुसत म्हणतात, ‘‘दिसणारच साहेब. पण पत्रा गंजणार नाही. घासूनच पाहिजे असेल, तर दुसरं गॅरेज बघा.’’