वळण कुणाचे?

दिवाळीची चाहूल लागली की आमच्या वाईच्या आळीआळीतून मुले दगड-माती गोळा करू लागतात. कुणी राजगड बांधतो, कुणी प्रतापगड. ज्याला काहीच साधत नाही तो ढिगाऱ्याला स्वतःचेच नाव देऊन मोकळा होतो. उतारावर अळीव पेरायचे, कुंभाराकडून आणलेले मावळे बुरुजाबुरुजावर उभे करायचे, की झाला किल्ला! या किल्ल्यासाठी कुणी कुणाची परवानगी काढल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. मात्र शेजारच्या किल्ल्यावरचा एखादा मावळा रात्रीतून नाहीसा झाला, तर सकाळी दोन्ही घरच्या आया अंगणात समोरासमोर उभ्या असतात.

या दोन गोष्टींमधले अंतर मला यंदा नव्याने मोजावे लागले. त्याला कारण झाले आमचे चिरंजीव.

चिरंजीव सतरा वर्षांचे आहेत. संगणकाच्या टेबलाला त्यांनी कुणाचे तरी वापरलेले स्टिअरिंग आवळून बसविले आहे आणि रात्री जेवणे आटोपली की ते मोटारींच्या शर्यतीला निघतात. मी चित्रकलेचा मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर दहावी आणि त्यावर चित्रकलेची पदविका. यंत्रातले मला काय कळणार? पण मुलगा रोज रात्री कुठे जातो हे बापाला ठाऊक असावे, म्हणून मीही खुर्ची ओढून शेजारी बसू लागलो. तेव्हा कळले की हा निव्वळ पोरखेळ नाही. टायर तापला की रस्त्यावरची पकड बदलते, टाकीतले पेट्रोल कमी झाले की गाडी हलकी होते. याला सिम्युलेटर म्हणतात.

या विद्येत दोन घराणी आहेत. एक परवान्याचे. अमेरिकेत २००८ साली सुरू झालेले 'आयरेसिंग' हे त्याचे ठळक उदाहरण. खरा ट्रॅक लेसर यंत्राने मोजायचा, डांबरातले उंचवटेसुद्धा टिपून घ्यायचे, ट्रॅकच्या आणि मोटारींच्या मालकांशी करार करायचे, आणि मग कुलूप लावायचे. खेळणाऱ्याने वर्गणी भरावी, शिवाय गाड्या आणि ट्रॅक विकत घ्यावेत. पण आपल्या घरची गाडी आत आणू नये. दुसरे घराणे मोकळ्या दाराचे. इटलीतील कुनोस सिमुलाझिओनी या मंडळींचा 'आसेत्तो कोर्सा' हा खेळ २०१४ साली पूर्ण स्वरूपात आला. त्याच्याही पदरी परवान्याच्या गाड्या आणि लेसरने मोजलेले ट्रॅक होतेच. पण त्यांनी दार उघडे ठेवले. जगभरच्या हौशी लोकांनी त्यात आपापले रस्ते आणि गाड्या आणून ओतल्या. या भरीला 'मॉड' म्हणतात. गंमत अशी, की त्याच मंडळींनी २०१९ साली एका अधिकृत शर्यतमालिकेचा दुसरा खेळ काढला, तेव्हा नव्या गाड्यांना आणि ट्रॅकना दार बंद ठेवले.

प्रथम मला वाटले, दार बंद ठेवणारा तो कंजूष आणि उघडे ठेवणारा तो उदार. पण न्याय इतका सोपा नसतो. जिथे हारजीत मोजायची तिथे सर्वांची मापे एकच हवीत. एकाचा शेर मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल, तर बाजार भरायचाच नाही. घरी केलेल्या गाडीचे वजन कुणी तपासले? तिच्या इंजिनाला गुपचूप चार घोडे जादा कुणी जोडले नाहीत कशावरून? कुलूप हे नेहमीच लोभाचे नसते. कधी ते प्रामाणिक माणसाच्या रक्षणासाठीही असते. शिवाय ज्याने गाडी घडविली त्याला तिच्या रूपाचे आणि नावाचे मोल मिळावे, यात गैर काय?

मात्र परवान्याला एक खोड आहे. त्याला मुदत असते, आणि माणसाच्या आठवणीला ती नसते. पोर्शे मोटारीचा खेळांपुरता हक्क २०१६ पर्यंत बराच काळ एकाच कंपनीच्या हाती राहिला. इतरांनी मग जर्मनीतल्याच रूफ या छोट्या कारखान्याच्या, पोर्शेच्याच घडणीवर उभ्या राहिलेल्या गाड्या घेऊन आपली हौस भागविली. २०१८ साली आलेला 'फोर्झा होरायझन ४' हा खेळ करार संपत आले म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून काढला गेला. ज्यांनी घेतला त्यांच्याकडे तो राहिला. नव्याला दुकान बंद. आपल्या देशाचेच पाहा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. शर्यत थांबली, तसा पुढच्या वर्षीच्या अधिकृत खेळातून तो पाच किलोमीटरांहून थोडा लांब ट्रॅकही गेला. आज आमचे चिरंजीव त्यावर गाडी हाकतात, ती कुणा हौशी माणसाने फुकट बांधून ठेवलेल्या ट्रॅकवर. बेल्जममधील स्पा येथे पूर्वी चौदा किलोमीटरांचा ट्रॅक होता. आज तो सातच किलोमीटरांचा आहे. १९६७ सालच्या शर्यतींवर १९९८ मध्ये 'ग्रां प्री लेजंड्स' नावाचा खेळ निघाला. त्यात ते जुने स्पा आहे. त्या खेळासाठी हौशी लोकांनी पुढे शेकडो ट्रॅक रचले. जे जमिनीवरून पुसले गेले ते कुणाच्या तरी प्रेमाने जपले, याला चोरी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

इथवर माझे विचार सरळ चालले होते. मग पसरणीचा घाट आला.

चिरंजीवांनी सहा महिने खपून वाईहून पाचगणीला चढणारा आमचा पसरणी घाट त्या खेळात उतरविला. मी पाहिला आणि खरे सांगतो, माझे डोळे भरून आले. ते कठडे, ती वळणे, खाली धोम धरणाचे पाणी! आणि वळणावरून समोर येणारी लाल एस.टी., हुबेहूब! मी म्हणालो, "गाडी फारच सुरेख काढलीस रे."

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "ती मी नाही काढली. मिळाली."

दुसऱ्या कुणा मुलाने दुसऱ्या खेळासाठी ती घडविली होती. 'विचारल्याशिवाय वापरू नये' असे त्याने सोबत लिहूनही ठेवले होते. चिरंजीवांनी ती उचलली आणि त्या मुलाचे नाव काढून टाकले होते. मी रागावलो. तेव्हा त्याने शांतपणे विचारले, "बाबा, त्याने तरी एस.टी.ची परवानगी कुठे काढली होती?"

मला त्या रात्री उत्तर सुचले नाही. वर्गात इतकी वर्षे मुलांच्या नकला पकडणारा मी, पण त्या प्रश्नाने मला बाकावर उभे केले.

उत्तर मिळाले ते माझ्याच एका जुन्या अपराधात. माझ्या पहिल्या कादंबरीत मी एका सहकारी गुरुजींच्या घरातला प्रसंग घातला आहे. मधल्या सुट्टीत त्यांनी मला विश्वासाने सांगितलेला. मी नावे बदलली, गाव बदलले आणि निर्धास्त झालो. पुस्तक वाचून त्यांनी ते माझ्या हाती परत दिले आणि एवढेच म्हणाले, "विचारले असतेत तर मी हो म्हटले असते."

कायद्यात ही गोष्ट कुठे बसते मला ठाऊक नाही. पण त्या वाक्यापुढे मी आजही खाली पाहतो. त्यांचे काही पैशांचे नुकसान झाले नव्हते; आपण कुणीच नाही, असे मात्र मी त्यांना वाटायला लावले होते.

म्हणून मी मुलाला सांगितले ते असे. घाट सर्वांचा आहे. रस्त्यावरून जाणारी एस.टी. पाहून कुणीही तिचे चित्र काढावे. माझा पाचवीचा वर्ग दरवर्षी काढतो. त्या चित्रावर धंदा मांडायचा असेल तर मात्र गाडीच्या मालकाचे दार ठोठावलेच पाहिजे. पण काढलेले चित्र हे काढणाऱ्याचे. त्याने एस.टी.ला विचारले की नाही, हा त्याचा आणि एस.टी.चा प्रश्न. तू त्याला विचारलेस की नाही, हा तुझा. त्याच्या रात्री त्या चाकांत गेल्या आहेत. किल्ला सर्वांचा असतो, बाळ. मावळे ज्याचे त्याचे असतात.

त्याला हे सारे पटले असे मी म्हणणार नाही. "बघतो," एवढेच तो म्हणाला. पण दोन दिवसांनी त्याने त्या अनोळखी मुलाला पत्र धाडले आणि घाटातून बस काढून टाकली. उत्तर अजून आलेले नाही. तोवर तो स्वतःची एस.टी. घडवीत बसला आहे. ती सध्या एका अंगाला कललेली आहे आणि तिची मागची चाके फिरत नाहीत.

यंदा फराळाचा डबा घेऊन मीही त्या गुरुजींकडे जाणार आहे. ते आता निवृत्त झाले आहेत. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे, आणि ते प्रकरण ठेवायचे की काढायचे, हे मला त्यांना विचारायचे आहे.